जीसीसीची जांभळी ओळ: न तपासलेल्या रिटर्न व्हॅल्यूचं करायचं काय

उदाहरणाला कापसाच्या जिनिंगवरचा धर्मकाटा, म्हणजे गाड्या तोलणारा वजनकाटा, घेऊ. वणी, हिंगणघाट, पांढरकवडा, कुठलाही चालेल. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलवरून वजन पाठवतो. टेबलाखालचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसतं 'पाय') ते वाचतो, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतो, दिवसाच्या फाइलमध्ये एक ओळ टाकतो आणि पावती छापतो. सी भाषेत तीनशे-चारशे ओळींचं काम. तालुक्याच्या पॉलिटेक्निकची पोरं असले प्रोग्राम हौसेने लिहितात. मग कधीतरी कुणी ऑप्टिमायझेशन लावून बिल्ड करतं आणि जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर टर्मिनलवर जांभळ्या 'वॉर्निंग'सकट हे छापतो:

वॉर्निंग: इग्नोरिंग रिटर्न व्हॅल्यू ऑफ 'राइट' डिक्लेअर्ड विथ ॲट्रिब्यूट 'वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट'

एकदा नाही, पानभर. पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, हे कायले बोंबलून राहिलं? प्रोग्राम तं चालून राहिला ना!"

प्रश्न रास्त आहे. यातले बरेच इशारे खरोखर बिनकामाचे असतात. पण काही थेट शेतकऱ्याच्या पट्टीला हात घालणारे असतात, आणि दोन्हींचा मजकूर अक्षरशः एकच. कंपायलरला एवढंच दिसतं की फंक्शनने काहीतरी परत दिलं आणि तुम्ही ते घेतलं नाही. ती ओळ फसली तर कुणाचं काय जाईल हे त्याला कळायचा मार्ग नाही. ते तुम्हीच ठरवायचं, आणि ठरवल्यावरच इशारा गप्प करायचा. क्रम उलटा केला की घात होतो.

एक सूचना आधीच: खालचा कोड देवनागरीत लिहिला आहे. टंकताना किवर्ड आणि फंक्शनची नावं नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाका. चिन्हं आहेत तशीच.

एका लॅपटॉपवर येतो, दुसऱ्यावर नाही

पोरांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. उबुंटूच्या लॅपटॉपवर इशारे येतात, तोच कोड पायवर नेऊन बिल्ड केला की सगळं शांत. मग "पायवर बरोबर आहे, लॅपटॉपच बिघडला" असा निष्कर्ष निघतो.

खरी गोष्ट अशी. 'वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट' हे ॲट्रिब्यूट, म्हणजे 'उत्तर टाकलं तर ओरड' अशी फंक्शनवरची खूण, जीसीसीमध्ये २००४ च्या ३.४ आवृत्तीपासून आहे. जीलिबसीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या, हेडरमध्ये ते थेट लिहिलेलं नसतं. तिथे '__डब्ल्यूयूआर' नावाचा मॅक्रो असतो, आणि '_फोर्टिफाय_सोर्स' (बफर ओलांडण्यावरची जादा तपासणी) चालू असेल तरच तो ॲट्रिब्यूटमध्ये बदलतो. नाहीतर त्याचा अर्थ रिकामा. फोर्टिफायला ऑप्टिमायझेशन लागतं, म्हणजे निदान -ओ१. उबुंटूने आपल्या जीसीसीत असं करून ठेवलं आहे की -ओ२ लावलं की फोर्टिफाय आपोआप चालू होतं. आधी पातळी २ असायची, २४.०४ पासून ३ आहे. मूळ डेबियनच्या जीसीसीत ते आपोआप लागत नाही, आणि रास्पबेरी पाय ओएस डेबियनवरच उभं आहे. म्हणून तिथे शांतता. चूक तीच, सांगणारा कुणी नाही एवढंच.

तेव्हा पहिलं काम: दोन्ही मशीनवर इशारे सारखे दिसतील असं करून घ्या.

मेक क्लीन
मेक सीफ्लॅग्ज="-ओ२ -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -यू_फोर्टिफाय_सोर्स -डी_फोर्टिफाय_सोर्स=२" २>&१ | ग्रेप अनयूज्ड-रिझल्ट | सॉर्ट

आधी -यू आणि मग -डी हा क्रम मुद्दाम आहे; नाहीतर उबुंटूवर मॅक्रो दोनदा डिफाइन झाल्याची वेगळीच कुरकुर सुरू होते. क्लीन विसरू नका. ज्या फाइली पुन्हा कंपाइल होत नाहीत त्यांचे इशारे येतच नाहीत, आणि यादी अर्धवट राहते.

यादीची वर्गवारी

यादी कागदावर उतरवा. हो, कागदावर, प्रत्येक ओळीपुढे पेनाने शेरा मारायचा आहे. शेरे तीनच. "डेटा जातो", "पुढचं पाऊल चुकतं", आणि "काहीच करता येत नाही". पहिल्या दोन शेऱ्यांच्या ओळी दुरुस्त करायच्या. तिसऱ्या शेऱ्याच्या गप्प करायच्या. कुठला शेरा मारावा कळत नसेल तर ती ओळ दुरुस्तीतच धरा.

काट्याच्या प्रोग्रामात सहसा ही मंडळी सापडतात: एफगेट्स, रीड, राइट, स्कॅनएफ, सिस्टिम, आणि डिरेक्टरी बदलणारं सीएचडीआयआर. यातलं सर्वांत दगाबाज म्हणजे एक ओळ वाचणारं एफगेट्स, म्हणून तिथेच जरा थांबू.

एफगेट्स: मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीला

असा लूप सर्रास दिसतो:

व्हाइल (१) {
    एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, काटा);
    वजन = एटीओआय(ओळ);
    पावती(वजन);
}

टेबलावर बसून चालवलात तर याच्यात काही खोट दिसत नाही. आता काट्यावर या. यूएसबी-सिरियल केबलला कुणाचा तरी पाय लागला आणि ती सैल झाली. एफगेट्सला एकही अक्षर मिळालं नाही, त्याने नल (रिकामा पॉइंटर) परत दिलं. सी च्या मानकात स्पष्ट आहे: काहीच न वाचता फाइल संपली तर बफरला हात लावला जात नाही, त्यात आधी जे होतं तेच राहतं. म्हणजे 'ओळ' मध्ये आधीच्या गाडीचं वजन तसंच बसलेलं. एटीओआय ते इमानदारीने आकड्यात बदलतं आणि पावती छापली जाते.

आकडे घालून पाहा. आधीची ट्रॅक्टर-ट्रॉली ५,८६० किलोची होती. आत्ता काट्यावर उभी आहे ती ६,२४० ची. पावतीवर ५,८६० आलं तर ३८० किलो गायब, म्हणजे ३.८ क्विंटल. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल धरला तर ३०,८१८ रुपये. तेही एरर नाही, क्रॅश नाही, पडद्यावर काही लाल नाही, अशा अवस्थेत. भांडण मात्र काटेवाल्याच्या अंगावर येणार. "भाऊ, इंडिकेटरवर तं सहा हजार दिसून राहिले, पावतीवर कमी कसे जी?" याचं उत्तर त्या बिचाऱ्याकडे नसतं. वाचन पूर्णच फसलं, म्हणजे केबल उपटल्यासारखी एरर आली, तर बफरमध्ये काय उरेल याची मानकात हमीच नाही.

दुरुस्ती:

इफ (एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, काटा) == नल) {
    पडद्यावर("काट्याकडून वजन येत नाही");
    स्लीप(१);
    काटा = पुन्हा_उघड(काटा);
    कंटिन्यू;
}

इथे तीन गोष्टी पाहा. 'कंटिन्यू'मुळे पावतीपर्यंत पोचायचा रस्ताच बंद होतो, आणि हीच खरी दुरुस्ती. संदेश दाखवणं नंतरचं. स्लीप नसेल तर तुटलेल्या केबलवर लूप मोकाट पळतो आणि रास्पबेरी पाय तापतो. तिसरी गोष्ट, पोर्ट बंद करून नव्याने उघडा. जीलिबसी २.२८ पासून फाइल संपल्याची खूण स्ट्रीमवर चिकटून राहते, त्यामुळे केबल परत जोडली तरी जुन्या स्ट्रीमवरून काही वाचता येत नाही. शिवाय केबल काढून लावली की पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी० चं कधी कधी टीटीवाययूएसबी१ होतं. म्हणून उघडताना /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी/ खालचं नाव वापरा, ते बदलत नाही.

पुन्हा_उघड() ने नल दिलं तर? एफगेट्सला नल स्ट्रीम देऊ नका, प्रोग्राम कोसळेल. तेव्हा ते फंक्शन पोर्ट उघडेपर्यंत आतच थांबून राहू द्या, आणि तोवर पडद्यावर "येत नाही" हेच दिसू द्या.

जाता जाता, एटीओआयसुद्धा काढून टाका. "ई-आर-आर" असं काही इंडिकेटरने पाठवलं तर ते गुपचूप शून्य देतं आणि कंपायलर त्यावर चकार शब्द काढत नाही. एसटीआरटीओएल घ्या आणि त्याने शेवटी दिलेला पॉइंटर तपासा: एकही आकडा वाचला गेला नाही तर तो पॉइंटर सुरुवातीलाच असतो. स्कॅनएफचंही दुखणं याच कुळातलं. जुळलं नाही तर व्हेरिएबल जुनंच राहतं. किती गोष्टी वाचल्या ते परत येणारा आकडा सांगतो, तो हवा तेवढाच आहे का पाहा.

राइट: अर्धं लिहिलं तरी "लिहिलं"च म्हणतं

राइटला शंभर बाइट दिल्या आणि त्याने साठच लिहिल्या तर तो साठ परत देतो. ही एरर नाही. डिस्क भरत आली असेल, मध्ये सिग्नल आला असेल, पाइप किंवा सिरियल पोर्ट असेल, तर हे होतं. म्हणून "उणे एक आलं का" एवढं पाहून भागत नाही. एकदाच हे फंक्शन लिहून ठेवा:

इंट पूर्ण_लिही(इंट एफडी, कॉन्स्ट कॅर *पी, साइझ_टी एन)
{
    व्हाइल (एन > ०) {
        एसएसाइझ_टी के = राइट(एफडी, पी, एन);
        इफ (के < ०) {
            इफ (एरनो == ईइंटर)
                कंटिन्यू;
            रिटर्न -१;
        }
        पी += के;
        एन -= के;
    }
    रिटर्न ०;
}

(एरनो म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक; ईइंटर म्हणजे सिग्नलने काम मध्येच तोडलं.) घाईत लोक याऐवजी असं लिहितात:

इफ (राइट(एफडी, पी, साइझऑफ नोंद) < साइझऑफ नोंद)
    बोंब_मार();

जांभळी ओळ गेली, पण कोड आधीइतकाच आंधळा आहे. राइट चिन्हासहित आकडा देतो, साइझऑफ बिनचिन्हाचा. तुलना करताना उणे एकचं रूपांतर बिनचिन्हाच्या प्रचंड मोठ्या आकड्यात होतं, तो कशाहूनही लहान ठरत नाही, आणि पूर्ण फसलेलं लेखन यशस्वी म्हणून सुटतं. -डब्ल्यूएक्स्ट्रा लावलं असेल तर चिन्हांच्या तुलनेचा वेगळा इशारा येतो. वरच्या बिल्डच्या ओळीत ते आहे ते यासाठीच. एका इशाऱ्याला उत्तर देताना दुसरा ओढवून घेतला का, हे प्रत्येक बदलानंतर पाहत जा.

'पूर्ण_लिही' हे तुमचं फंक्शन. त्याचं उत्तरही कुणीतरी तपासायला हवं. तेव्हा त्याच्या घोषणेवर हेच ॲट्रिब्यूट तुम्ही स्वतः लावा. फोर्टिफाय असो वा नसो, ते सगळीकडे लागू होतं, पायवरसुद्धा. सी२३ वापरत असाल तर [[नोडिस्कार्ड]] घ्या. जीसीसी १५ मध्ये सी२३ हीच मूळ भाषा झाली आहे. [[नोडिस्कार्ड]]मध्ये एक सोय आहे, ती पुढे येते.

उरलेली दोन

सीएचडीआयआर लहान दिसतं, पण "पुढचं पाऊल चुकतं" या शेऱ्याचं हे नमुनेदार उदाहरण. रात्री प्रोग्राम पेनड्राइव्हच्या डिरेक्टरीत जातो आणि जुन्या फाइली पुसतो. पेनड्राइव्ह काढलेला असेल तर सीएचडीआयआर फसतं, प्रोग्राम आहे तिथेच राहतो आणि पुसतो ते त्याचं स्वतःचंच घर. फसलं की तिथल्या तिथे परत फिरा, दुसरा मार्ग नाही. रूट म्हणून सुरू होऊन पुढे अधिकार सोडणाऱ्या प्रोग्रामात सेटयूआयडीचंही असंच. फसलं तर एक्झिट.

सिस्टिम("एलपी पावती.टीएक्सटी") उणे एक देऊ शकतं, नाहीतर वेट या सिस्टिम कॉलच्या पद्धतीचा स्टेटस देतं. डब्ल्यूआयएफएक्झिटेड आणि डब्ल्यूएक्झिटस्टेटस या मॅक्रोंनी तो सोडवून शून्य आहे का ते पाहा. शून्य आलं तरी त्याचा अर्थ काम छपाईच्या रांगेत लागलं इतकाच. कागद अडकला असेल तर ते इथे कळत नाही.

आता गप्प करायचे इशारे

तिसऱ्या शेऱ्याच्या ओळी आता उरल्या. प्रत्यक्षात या अशा असतात: सिग्नल हँडलरमधून "बंद होतोय" एवढं स्टडएरवर (एररच्या संदेशांसाठीच्या आउटपुटवर) टाकणारा राइट, बझर वाजवणारी एक बाइट, प्रोग्राम मरता मरता छापलेला शेवटचा निरोप. स्टडएरवर लिहिणंच फसलं तर ते फसल्याचं लिहायचं कुठे?

मनात पहिलं येतं ते हे:

(व्हॉइड) राइट(२, निरोप, लांबी);

माणसाला वाचताना यातून अर्थ पूर्ण कळतो: मला हे उत्तर नको आहे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरलाही कळतो, तो गप्प बसतो. जीसीसी बसत नाही. त्यांच्या बगच्या यादीत ६६४२५ या क्रमांकाखाली हीच तक्रार २०१५ पासून आहे, आणि तशीच तक्रार त्याआधीही आलेली. जीसीसीवाल्यांची बाजू अशी की ॲट्रिब्यूटचा हेतूच "टाळता येऊ नये" हा होता. सेटयूआयडीपुरतं ते पटतं. पण जीलिबसीने तेच ॲट्रिब्यूट राइटलाही लावलं आहे, आणि तिथे कधी कधी दुर्लक्ष हेच बरोबर उत्तर असतं. माझ्या मते यात दोघांचीही थोडी थोडी चूक आहे, आणि भुर्दंड कोड लिहिणाऱ्याला. गंमत म्हणजे [[नोडिस्कार्ड]]ला (व्हॉइड) चालतं, जीसीसीतसुद्धा. म्हणून स्वतःच्या फंक्शनांना ते लावणं सोयीचं. जीलिबसीच्या फंक्शनांना मात्र त्याचा उपयोग नाही.

जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर चालणारा सगळ्यात छोटा उपाय म्हणजे एक उद्गारचिन्ह:

(व्हॉइड)!राइट(२, निरोप, लांबी);

नकार लावला की उत्तर "वापरलं" गेलं असं जीसीसी समजतो. त्या नकाराचं उत्तर फेकलं तर त्याची हरकत नसते. आकडा परत येवो की पॉइंटर, चालतं. स्ट्रक्ट परत येत असेल तर नाही, पण तशी वेळ सी लायब्ररीत क्वचितच येते. हँडलर पूर्ण असा दिसेल:

स्टॅटिक व्हॉइड थांबव(इंट सिग)
{
    इंट जुना = एरनो;
    (व्हॉइड)सिग;
    (व्हॉइड)!राइट(२, निरोप, साइझऑफ निरोप - १);
    थांबायचं = १;
    एरनो = जुना;
}

'थांबायचं' हे व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी प्रकारचं असू द्या. इथे प्रिंटएफ वापरायचा मोह टाळा, सिग्नल हँडलरमध्ये तो सुरक्षित नाही, राइट आहे. एरनो जपून ठेवण्याचं कारण वरच्या 'पूर्ण_लिही'तच आहे: तिथे ईइंटर तपासत असताना मध्येच हँडलरने एरनो बदलला तर सगळंच फिसकटेल. 'सिग' समोरचा (व्हॉइड) चालतो, कारण ते व्हेरिएबल आहे, ॲट्रिब्यूट लावलेल्या फंक्शनचं उत्तर नाही.

अशा जागा चार-पाचहून जास्त असतील तर उद्गारचिन्ह सगळीकडे पेरण्यापेक्षा त्याला नाव द्या:

#डिफाइन सोडून_दे(इ) ((व्हॉइड)!(इ))

सोडून_दे(राइट(बझर, &एक, १)); /* बझर नाही वाजला तरी पावती बरोबर */

नाव दिल्याचा फायदा महिन्याभराने कळतो. ग्रेपने 'सोडून_दे' शोधलं की आपण कुठे कुठे जाणूनबुजून डोळेझाक केली त्याची अख्खी यादी समोर येते, कारणासकट. कॉमेंट सक्तीची करा. कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ तिसऱ्या शेऱ्याची नाहीच. ग्नूच्या ग्नूलिब या कोडसंग्रहात याच कामासाठी 'इग्नोर_व्हॅल्यू' नावाचा मॅक्रो आहे. तो उत्तर आतल्या एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये घेतो आणि मग व्हॉइड करतो. ग्नूलिब आधीच वापरात असेल तर तोच घ्या.

उत्तर स्वतःच 'आर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेऊन पुढे (व्हॉइड)आर; लिहिणंही चालतं. फक्त ती दुसरी ओळ विसरलात की -डब्ल्यूऑल "व्हेरिएबल वापरलंच नाही" म्हणून नवा इशारा देतो.

दुसऱ्याचा कोड असेल, म्हणजे थर्मल प्रिंटरबरोबर आलेली एखादी जुनी सी फाइल, तर त्यात हात घालू नका. मेकफाइलमध्ये फक्त तिच्यापुरता इशारा बंद करा:

प्रिंटर_जुना.ओ: ओव्हरराइड सीफ्लॅग्ज += -डब्ल्यूनो-अनयूज्ड-रिझल्ट

प्राग्माची पद्धतही आहे: प्राग्मा जीसीसी डायग्नॉस्टिक पुश, मग इग्नोअर्ड आणि इशाऱ्याचं नाव, मग पॉप. एका राइटसाठी तीन ओळी जास्त होतात, म्हणून मी ती मोठ्या तुकड्यांसाठीच ठेवतो. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या मेकफाइलमध्ये -डब्ल्यूएरर (इशाऱ्यालाच एरर धरणारा) असेल आणि आजच बिल्ड हवं असेल, तर -डब्ल्यूनो-एरर=अनयूज्ड-रिझल्ट लावा. बिल्ड अडत नाही आणि इशारे दिसत राहतात.

हे मात्र करू नका

नुसतं -यू_फोर्टिफाय_सोर्स लावून सुटका करून घेणं. इशारे जातात खरे, पण त्याच फोर्टिफायमुळे मेमकॉपी, एसप्रिंटएफ, एसटीआरसीपीवाय यांच्यावर बफर ओलांडल्याची जी चालत्या प्रोग्रामातली तपासणी असते, तीही जाते. उंदीर लागले म्हणून कोठा पेटवण्यातला प्रकार.

असर्टच्या आत काम घालणं. असर्ट(पूर्ण_लिही(एफडी, ओळ, लांबी) == ०) दिसायला नेटकं दिसतं. रिलीज बिल्डमध्ये एनडीबग डिफाइन झालं की असर्टच्या कंसातलं सगळं नाहीसं होतं. नुसती तपासणी नाही, लिहिणंसुद्धा. लॅपटॉपवर फाइल भरते, जिनिंगवर रिकामी. असर्टच वापरायचं असेल तर उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घ्या.

सगळ्या प्रोजेक्टला -डब्ल्यूनो-अनयूज्ड-रिझल्ट, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसतं -डब्ल्यू लहान लिपीत. याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

जिथे कंपायलर गप्प, तिथेच खरी भीती

सगळी यादी संपली, बिल्ड स्वच्छ झाला, तरी काट्याचा प्रोग्राम सुरक्षित झाला असं समजू नका. जीलिबसीने एफक्लोज, एफफ्लश, एफसिंक, क्लोज, एफप्रिंटएफ यांना ते ॲट्रिब्यूट लावलेलंच नाही. एफराइटलाही नाही. बझरच्या एका बाइटवर ओरडणारा कंपायलर दिवसभराच्या हिशोबावर मूग गिळून बसतो.

एफप्रिंटएफने ओळ "लिहिली" म्हणजे ती प्रोग्रामच्या स्वतःच्या बफरात पडली. साध्या फाइलला हा बफर सहसा ४,०९६ बाइटचा. पावतीची एक ओळ साठेक बाइटची धरा, म्हणजे साठ-सत्तर गाड्यांच्या नोंदी डिस्कच्या वाटेला न जाता मेमरीत बसून राहू शकतात. एफफ्लशने त्या कर्नलकडे जातात. तिथूनही लिनक्स त्या लगेच डिस्कवर टाकत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये तीस सेकंद जुन्या झाल्यावर त्यांचा नंबर लागतो. आपल्याकडे लाइन जायला तीस सेकंद लागत नाहीत. इन्व्हर्टर असला तरी त्याची बॅटरी जानेवारीत कुठल्या अवस्थेत असते ते काटेवाल्यालाच विचारा.

म्हणून प्रत्येक पावती छापायच्या आधी:

इफ (एफप्रिंटएफ(वही, "%एस %डी\एन", गाडी, निव्वळ) < ०
    || एफफ्लश(वही) != ०
    || एफसिंक(फाइलनो(वही)) != ०)
    पावती_थांबव("नोंद झाली नाही, पावती देऊ नका");

एफसिंक कर्नलकडचं डिस्कवर उतरवतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. एफफ्लश न करता एफसिंक केलं तर प्रोग्रामच्या बफरातलं तिथेच राहतं. मिनिटाला एखादी गाडी येते तिथे एफसिंकचा वेळ कुणाला जाणवतही नाही. एफसिंक फसलं तर पुन्हा मारून दुसऱ्यांदा शून्य आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. लिनक्सवर पहिल्या अपयशानंतर तो डेटा टाकून दिलेला असू शकतो आणि दुसरं एफसिंक खोटं यश सांगू शकतं. २०१८ मध्ये हे ध्यानात आल्यावर पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसने एफसिंक फसताच सरळ थांबायचं धोरण घेतलं. काट्यानेही तेच करावं: पावती अडवा, पायचं मेमरी कार्ड बदला.

एफक्लोजचं उत्तरही तपासा, कारण उरलेला बफर तो ओततो. फसलं तरी तोच स्ट्रीम पुन्हा बंद करू नका, तो आता अस्तित्वात नाही.

कंपायलरला इथेही बोलतं करता येतं. तुमच्या हेडरमध्ये, स्टडिओ.एच नंतर, घोषणा पुन्हा लिहा:

इंट एफक्लोज(फाइल *) __ॲट्रिब्यूट__((वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट));
इंट एफफ्लश(फाइल *) __ॲट्रिब्यूट__((वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट));
इंट एफसिंक(इंट) __ॲट्रिब्यूट__((वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट));

एफसिंकसाठी युनिस्टडी.एचही आधी घ्या. जीसीसी जुन्या घोषणेत हे ॲट्रिब्यूट मिळवून घेतो. पुन्हा बिल्ड करा आणि नव्या यादीवर तेच तीन शेरे मारायला बसा. या खेपेला बहुतेक ओळी पहिल्या शेऱ्याच्या निघतील.

फसवून पाहा

तपासणीचा कोड सहसा कधी चालतच नाही, म्हणून त्यातच चुका राहतात. मुद्दाम चालवा. लिनक्समध्ये /डेव्ह/फुल नावाचं डिव्हाइस आहे. त्यावर काहीही लिहा, "जागा नाही" हेच उत्तर. दिवसाच्या फाइलच्या जागी त्याचा पत्ता द्या आणि एक पावती काढायचा प्रयत्न करा. ती निघाली तर कुठेतरी उत्तर गळलं आहे. एफप्रिंटएफ यशस्वी आणि एफफ्लश अपयशी, हेही तिथे डोळ्यांनी दिसतं.

दुसरं हत्यार एसट्रेस. सिस्टिम कॉल नेमका हव्या त्या वेळी फसवता येतो:

एसट्रेस -ई इंजेक्ट=राइट:एरर=ईएनओएसपीसी:व्हेन=३ ./काटा

तिसरा राइट फसेल, बाकीचे चालतील. रीड फसवताना मोजणी जपून करा, कारण प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी लोड होते तेव्हाचे रीडही त्यात धरले जातात. आधी साधा एसट्रेस चालवून तुमचा रीड कितवा येतो ते पाहा, मग व्हेन ठरवा.

शेवटची चाचणी काट्यावरच, हंगाम सुरू व्हायच्या आधी. एक रिकामी ट्रॉली उभी करून पावती काढा. ती काट्यावरून उतरवून दुसरी चढवा आणि पावतीचं बटण दाबायच्या आत यूएसबी केबल ओढा. पडद्यावर "काट्याकडून वजन येत नाही" आलं पाहिजे आणि प्रिंटर गप्प राहिला पाहिजे. केबल परत लावा, बटण दाबा, आणि पावतीवरचा आकडा इंडिकेटरशी ताडून पाहा. मग रास्पबेरी पायची विजेची वायर सरळ उपटा, पुन्हा लावा, फाइल उघडा: छापलेल्या प्रत्येक पावतीची ओळ तिच्यात असायला हवी.